मोहोळ, लाल वर्तुळ आणि मनीप्लँट

शीवमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या सज्ज्याखाली आग्या मोहोळ लागलं, की रविवारी सकाळी सोसायटीची तातडीची सभा भरते. ठराव एकमताने मंजूर होतो. गळक्या टाकीच्या नशिबी हे भाग्य कधी आलेलं नाही. पुरावा एकच: ‘टीव्हीवर पाहिलं ना!’

टीव्हीवर काय दिसतं? शिवनेरीवर माश्या उठल्या, की पडद्यावर लाल वर्तुळ, मागे ढोल, आणि तीच पळापळ पुन्हा पुन्हा. धूर कुणी केला, दगड कुणी मारला, हे विचारायच्या आत जाहिराती लागतात. कामकरी माशी माणसाला डंख मारते, तेव्हा तिची काटेरी नांगी कातडीत रुतून तुटते आणि ती मरते. त्या जागी राहिलेल्या गंधाने बाकीच्या चवताळतात. नराला तर नांगीच नसते. पण १९७८च्या ‘द स्वॉर्म’ या हॉलिवूडपटापासून कॅमेऱ्याला माशी हवी ती खुनशीच.

ॲलर्जी असणाऱ्याला एक डंखही जिवावर बेतू शकतो, हे खरं. त्याची भीती रास्त आहे. उरलेल्यांचं काय? यांच्याच फडताळात महाबळेश्वरजवळच्या मांघरहून, म्हणजे २०२२ साली ‘मधाचं गाव’ झालेल्या गावातून, आणलेली बाटली असते. मध हवा, माशी नको.

सभेत फवारणीवाल्याला बोलवायचं ठरतं. तेवढ्यात मनीप्लँटच्या बाटलीत जन्मलेला डेंग्यूवाला डास चिटणीसांच्या पोटरीवर बसतो. ते सवयीने चापट मारतात आणि पुढचा विषय पुकारतात: पार्किंग.