युरोप

कोल्हापुरात मे महिन्यात सकाळी सहाला ज्या कुठल्या हायस्कुलाच्या मैदानावर फुटबॉल शिबिराची शिट्टी वाजते, तिथं एक युरोप असतोच. हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे; पोरांनी ठेवलेलं. पहिल्या दिवशी तो गेटातून आत येतो, कुणीतरी त्याला केसांपासून बुटांपर्यंत एकदा बघून घेतं आणि म्हणतं, "आला बघ युरोप." त्यानंतर हजेरीपट सोडला तर त्याचं खरं नाव कुठंच ऐकू येत नाही. माझी भाची शिबिराला जाते आणि तिला सोडायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं पायरीवर बसून दरवर्षी नवा युरोप बघायला मिळतो. गेल्या वर्षीचा आता सायन्सला गेला. यंदाचा दहावीत जाणार आहे. केस कापायची तऱ्हा बदलते, बाकी माणूस तोच.

फुटबॉलमध्ये चेंडू सोडून जेवढं म्हणून काही असतं, तेवढं सगळं युरोपला येतं.

मोज्यांचंच घ्या. मोठे खेळाडू हल्ली मोज्यांना पोटरीमागं भोकं पाडतात. घट्ट मोज्यानं पोटरी आवळते, ती मोकळी राहावी म्हणून. नव्वद मिनिटं पळणाऱ्याच्या पोटरीला ते सुख हवंही असेल. युरोपनं महाद्वार रोडवरनं आणलेल्या कोऱ्या मोज्यांना शिबिराच्या आदल्या रात्रीच कात्री लावली आणि समाधानानं झोपला. सकाळी उठून बघतो तर भोकं नाहीत. आईनं रात्रीत रफू करून टाकलेलं, तेही त्याच रंगाचा दोरा शोधून. "मला वाटलं उंदरानं कुरतडलं," माउली पायरीवर आम्हाला सांगत होत्या, "रात्री बारापर्यंत बसून शिवलो की मी!" त्यानं पुन्हा कापले, त्यांनी पुन्हा शिवले. दोघंही हट्टी. शिबिर अर्ध्यावर आलं तोवर त्या मोज्यांत कंपनीच्या कापडापेक्षा आईचा दोराच जास्त झाला होता.

मोज्याखाली शिनगार्ड. नडगीला संरक्षण हवंच, असं खेळाचा चौथा नियम सांगतो. पण ते केवढं हवं हे त्यात कुठं लिहिलेलं नाही. ही फट युरोपनं बरोबर हेरलेली. त्याचं शिनगार्ड ग्लुकोज बिस्किटाएवढं, आणि मोजा त्याच्यावरनं घोट्याकडं गुंडाळलेला.

"लागलं म्हंजे रं?" सरांनी विचारलं.

"मोठे प्लेअर असंच घालतात सर."

"त्यांच्याजवळ डॉक्टर असतोय. आपल्याजवळ गोळेवाला हाय, बर्फापुरता."

पाण्याचा प्रकार जरा गंभीर होता. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये काही खेळाडू बाटलीतलं पेय तोंडात घोळवून थुंकून टाकताना टीव्हीवर दिसले होते. त्यामागं शास्त्र आहे. साखरेचं पाणी नुसतं जिभेवर फिरलं तरी मेंदूला खुराक आल्याची वर्दी जाते आणि पोट जड न होता हुरूप येतो, असं म्हणतात. युरोप हे सगळं समजावून सांगतो. फक्त त्याच्या बाटलीत शाळेच्या नळाचं पाणी असतं. त्यानं पहिली चूळ ऐटीत मैदानावर टाकली, तेव्हा कोपऱ्यात झाडाला पाणी घालणारे शाळेचे शिपाईमामा बादली खाली ठेवून बघतच राहिले. "गिळ की लेका! मे महिन्यात प्यायचं पाणी थुंकतोस व्हय?" दुसऱ्या दिवसापासून युरोप चूळ झाडाच्या आळ्यात टाकू लागला. मामांचं समाधान झालं आणि मेंदूचंही झालं असणार.

मला सगळ्यांत आवडतं ते त्याचं तोंडावर हात ठेवून बोलणं. कॅमेऱ्यानं ओठ वाचू नयेत म्हणून बडे खेळाडू तसं बोलतात. आमच्या मैदानावर कॅमेरा म्हणजे पालकांच्या हातातले मोबाइल, आणि पालक त्यात मान घालून शुभ सकाळ पाठवत असतात. तरी युरोप शेजारच्या पोराजवळ जातो, पंजानं तोंड झाकतो आणि अत्यंत गोपनीय असं काहीतरी सांगतो. एकदा मी भाचीला विचारलं, काय बोलतो गं हा? ती म्हणाली, "केळी वाटायला किती वेळ आहे म्हणून विचारतो."

आणि ती काळी बंडी! मोठ्या क्लबांचे खेळाडू जर्सीच्या आत बंडी घालतात, तिच्यात दोन खांद्यांच्या मधोमध एक छोटं यंत्र असतं. किती पळाला, किती वेगानं पळाला, सगळं त्यात नोंदतं. असली यंत्रं अंगावर घेऊन सामना खेळायला फिफानं 2015 साली परवानगी दिली. युरोपनं आजोबांच्या बनियनला काळा रंग दिला, मागं खिसा शिवून घेतला (आई पुन्हा कामाला), आणि त्यात घरातला जुना स्मार्टफोन ठेवला. मधल्या फळीतला चांगला खेळाडू एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो, हे तो आम्हाला सांगून चुकला होता. पहिल्या दिवशी सराव संपल्यावर सगळी पोरं त्याच्याभोवती जमली. मोबाइलनं दाखवलं, दीड किलोमीटर. त्यात घरापासून मैदानापर्यंतचं चालणंही आलं.

आता सरांविषयी सांगायला हवं. सर जुन्या वळणाचे, पेठेतल्या तालमीकडून खेळलेले. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं की इथं फुटबॉलचे संघसुद्धा तालमींचे असतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. आत कुस्तीचा आखाडा आणि बाहेर फुटबॉलचा झेंडा. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की त्या दिवशी दुकानातला माणूस गिऱ्हाइकाकडं नीट बघत नाही. सर त्या मुशीतले. त्यांच्या शिबिरात पहिला आठवडाभर एकच काम. पायाच्या आतल्या बाजूनं पास द्यायचा आणि आलेला बॉल जागच्या जागी थांबवायचा. उजव्या पायानं झालं की डाव्या पायानं. जोडीदार नसला तर शाळेची भिंत आहेच. चेंडूतली हवा 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर असावी असं नियम सांगतो, हे युरोपनं त्यांना सांगून बघितलं. सरांनी चेंडू अंगठ्यानं दाबला आणि त्याच्या पायाशी टाकला. "बरोबर हाय. मार पास."

"सर, आपली सिस्टिम काय? मी डबल पिव्हटमध्ये खेळतो."

"आधी रांगेत ऱ्हा."

रांगेत युरोपचा पास जायचा तो भलतीकडंच. चेंडू थांबवायला गेला की बुटावरनं उडायचा आणि त्याची नजर आधी चेंडूकडं न जाता आकाशाकडं जायची. डोळे मिटून, दोन्ही हात डोक्यावर. इतका थोर पश्चात्ताप मी मोठ्यांच्या सामन्यातही फार थोड्या वेळा पाहिला आहे. भाचीनं एकदा त्याच्या टांगेतनं बॉल काढून नेला, तेव्हा त्यानं मागं वळून बोटांनी हवेत चौकोन काढला. म्हणजे व्हीडिओ तपासा. ही खूण फार वेळा केली तर पिवळं कार्ड मिळतं, हेही त्याला पाठ होतं. तो दिवसातनं बेताबेतानं करायचा.

सरांचा जप एकच, अनिकेत जाधव. कोल्हापूरचा हा पोरगा 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. सर रोज केळी वाटताना त्याचं नाव घेतात. "हितलाच पोरगा. तुमच्यासारखाच पळायचा." युरोपला हे असं एका वाक्यात सोडवत नाही. "पण सर, पहिली मॅच आपण अमेरिकेबरोबर 0-3 हरलो."

सरांनी हातातलं केळ परत घडात ठेवलं. "हरायला सुदिक निवड व्हावी लागती, लेका."

वाटतं तसा युरोप पोकळ नव्हे, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पायरीवरच्या बाकी पालकांना ते पटत नाही. एका सकाळी सराव सामन्यात गोलकीपरनं गोलकिक मारली आणि ती पेनल्टी एरियातच उभ्या असलेल्या स्वतःच्या बॅकनं घेतली. सरांनी शिट्टी मारली. बॉल एरियाच्या बाहेर गेला नाही, परत मार. युरोप पुढं झाला. या वेळी तोंडावर हात नव्हता. "सर, 2019 पासून नियम बदललाय. किक मारून बॉल हलला की खेळात आला. बाहेर जायला लागत नाही." मैदान गप्प झालं. सरांनी शिट्टी खिशात टाकली, बाजूला जाऊन कुणाला तरी फोन लावला, दोनदा "व्हय का" म्हणाले आणि परत आले. "पोरगं बरोबर बोलतंय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी युरोपला दोन केळी मिळाली. मोठेपणा करावा तर असा बेताचा.

शेवटच्या दिवशी सामना असतो. अकरा-अकरा, मुलंमुली एकत्र, पालक पायरीवर, सर रेफ्री. रेषेवर रुमाल घेऊन उभे होते एका मुलाचे वडील. नोकरीनं तलाठी, त्यामुळं हद्दीच्या कामात त्यांच्यावर कुणी अविश्वास दाखवला नाही. गोल काही होत नव्हता. युरोप समोरच्यांच्या गोलपाशी, त्यांच्या सगळ्या बॅकच्याही मागं, एकटाच उभा राहून मोजा गुंडाळत होता. तेवढ्यात त्याच्या संघातल्या उंच पोरानं रेषेवरनं लांबलचक थ्रो टाकला. चेंडू आला, वाकलेल्या युरोपच्या पाठीवर, नेमका त्या बंडीतल्या मोबाइलवर आपटला आणि वळून गोलात गेला.

क्षणभर त्याला काय झालं तेच कळलं नाही. मग कळलं, आणि तो सुटला.

तलाठ्यांनी रुमाल वर केला. रुमाल दिसल्याबरोबर सरांचा हात जुन्या सवयीनं शिट्टीकडं गेला. ऑफसाइड. युरोपला शिट्टी ऐकू आलीच नाही. तो कोपऱ्यातल्या झेंड्याकडं धावत होता, हात विमानासारखे पसरून. टीव्हीवरचे खेळाडू ओल्या हिरवळीवर गुडघ्यांवर घसरत जातात. इथं मुरूम. तो वीतभर घसरला आणि रुतला. पण थांबला नाही. उठून कानामागं हात धरून गर्दीचा आवाज ऐकला, मनगटाचं चुंबन घेतलं, पाठ वळवून जर्सीवरचं दुसऱ्याच माणसाचं नाव अंगठ्यांनी दाखवलं, आणि शेवटी पायरीकडं बघून दोन हातांचं बदाम केलं. "आरं, गुडघं बघ गुडघं!" पायरीवरनं आई ओरडल्या. इकडं माझ्या भाचीनं पटकन फ्री किक घेतली, पुढच्या मुलानं ती पळवत नेली आणि युरोपच्या संघावर गोल चढवला. शिट्टी, एक-शून्य.

लंगडत परत आला तेव्हा त्याला बातमी कळली.

"ऑफसाइड?" तो सरांना म्हणाला. "थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो सर!"

सर थबकले. त्यांनी तलाठ्यांकडं बघितलं, तलाठ्यांनी रुमालाकडं बघितलं. सरांना अर्थातच हा नियम लहानपणापासून ठाऊक होता. "खरं हाय," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "आरं, मग तवाच का न्हाई बोंबललास?"

"सेलिब्रेशन चालू होतं सर."

"बरं, आता द्यायचा का तुझा गोल?"

साऱ्या संघाचे डोळे युरोपवर खिळले. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. शिबिराचा सामना, सर हळवे झालेले, रेषेवर तलाठी. पण युरोप ताठ उभा राहिला.

"आता नाही देता येत सर. शिट्टीनंतर खेळ परत सुरू झाला होता. मग रेफ्रीला निर्णय फिरवता येत नाही. नियम पाच."

त्याच्या संघातली उरलेली दहा पोरं एकदम त्याच्या दिशेनं धावत निघाली, आणि हे सेलिब्रेशन नव्हे एवढं त्याला लगेच समजलं. त्यानं मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, शिपाईमामांच्या झाडाला दोन, आणि गेटातून सरळ रस्त्यावर. त्या दिवशी काच तडकलेल्या त्या मोबाइलनं शिबिरातलं सगळ्यांत मोठं अंतर नोंदवलं.