परदेशी राहून आकाशवाणी कशी ऐकावी
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील श्रोत्यांसाठी विशेष सूचना)

आधी पात्रता. ज्याचे घर शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात आहे आणि जो पोटासाठी दुबई, दोहा, न्यू जर्सी असल्या ठिकाणी जाऊन पडला आहे, त्याच्यासाठीच या सूचना आहेत. ठाणे-डोंबिवलीकरांनी वाचल्या तर हरकत नाही, पण त्यांच्या गावाचे नाव रेडिओवर उठता-बसता येते. त्यांना ही तहान कळायची नाही.

साधन निवडणे हे पूर्वी कौशल्याचे काम होते. शॉर्टवेव्हचा चांगला संच, बाल्कनीत ताणलेली तांब्याची तार, आणि सुई केसभर इकडे-तिकडे सरकवण्याइतका निवांतपणा एवढे भांडवल लागे. मध्यम लहरीवरचे केंद्र लांबून पकडायचे तर रात्रीच बसावे लागे, कारण दिवसा वातावरणाचा जो थर या लहरी गिळतो तो सूर्य बुडाल्यावर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून दूर जातात. आता प्रसारभारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ अॅप फोनमध्ये घेतले की मुंबईची अस्मिता वाहिनी भरदुपारीही कानाशी लागते. खरखर नाही, मधेच घुसणारे अरबी गाणे नाही, शेजाऱ्याच्या मिक्सरचा अडथळा नाही. ज्यांना खरखरीशिवाय रेडिओ ऐकल्यासारखा वाटत नाही, त्यांनी कढईत पोहे भाजायला टाकावेत.

एक पथ्य मात्र पाळावे. अॅपवर टोले ऐकून घड्याळ लावू नये. इंटरनेटवरून येणारा आवाज मागाहून पोचतो. तुमच्या वेळेचे टोले पडतात तेव्हा किन्हवलीत तुमच्या बाबांच्या रेडिओवर निवेदकाचे दुसरे वाक्य चालू असते. बाबांना फोनवर “ऐकलंत का?” असे विचारण्याच्या भरीस तर अजिबात पडू नये. त्यांनी ऐकलेले असते, त्यावर मत दिलेले असते आणि ते गुरांना पाणी दाखवायला गेलेले असतात.

वेळेचा हिशेब अवघड नाही, फक्त मनाची तयारी लागते. इकडे सकाळचे सात म्हणजे दुबई-मस्कतला साडेपाच आणि दोह्याला साडेचार. आखातातल्या माणसाला तशीही कामावरची बस गाठायची असते, तेव्हा त्याची सोय होते. न्यू जर्सीत उन्हाळ्यात त्याच वेळी आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे तिथला श्रोता उद्याच्या बातम्या आजच ऐकून झोपतो आणि सकाळी उठल्यावर त्याला काही नवीन घडतच नाही. विविध भारतीचे ‘छायागीत’ रात्री दहाचे, तिथे ते दुपारी साडेबाराला लागते. रात्रीच्या काळोखासाठी निवडलेली उदास गाणी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सॅलडचा डबा पुढ्यात घेऊन ऐकताना डोळे भरून आले तर कांद्याचे निमित्त सांगावे. सॅलडमध्ये कांदा आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

आता मुख्य विषय. गाणी यूट्यूबवर आहेत, बातम्या कुठेही आहेत. मग रेडिओ कशाला? खरे कारण कुणी कबूल करत नाही: आपल्या गावाचे नाव कधी येते याची वाट पाहायची असते. शहापूरचे नाव मुंबईच्या रेडिओवर ऐकायचे तर ठरावीक जागी कान ठेवावा लागतो. ‘आसनगाव ते कसारा दरम्यान तांत्रिक बिघाड’ ही एक जागा. अशा वेळी मस्कतमध्ये बसून आनंदाने टाळी वाजवणे वाईट दिसते, मनात वाजवावी. मुरबाडकरांना रेल्वेच नसल्यामुळे ही सोय नाही. त्यांनी पावसाळ्यात माळशेज घाटातली दरड कोसळण्यावर विसंबावे, नाहीतर निवडणुकीच्या सुमारास कल्याण-मुरबाड रेल्वेची बातमी लागते का ते पाहावे.

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जुलै-ऑगस्टमधला तलावांचा पाणीसाठा. मुंबईला पाणी देणारे तलाव सात, त्यांतला जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा. तानसा तर १८९२पासून मुंबईला पाणी पाजतो आहे. दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यामुळे आपल्या भागात पाऊस किती झाला हे रेडिओवर ‘मुंबईकरांना दिलासा’ या नावाने कळते. दिलासा मोठा असेल तर आवणीला गडी मिळाले का, असे घरी लगेच विचारावे. ‘भातसाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ असे आले, तर सापगावच्या पुलावरून शहापूर-मुरबाड एसटी चालू आहे का, एवढे विचारावे आणि गप्प बसावे. त्या ‘गावां’मध्ये आपले गाव आहे की नाही हे निवेदक सांगत नाही. ज्याचे त्याने समजून घ्यायचे असते. एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर फिरतो. त्याचा मुंबईकरांच्या दिलाशाशी संबंध नसल्याने ती बातमी शोधण्यात डेटा खर्च करू नये.

गावाचे नाव रेडिओवर न येण्यावर उपाय आहे, पण तो आपल्या वडिलांनीच हुकवला. झारखंडातल्या झुमरीतलैया या गावाचे नाव आज देशाला ठाऊक आहे ते अभ्रकाच्या खाणींपेक्षा फर्माईशी गाण्यांमुळे. तिथल्या लोकांनी रेडिओ सिलोनला आणि १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीला इतकी पोस्टकार्डे पाठवली की निवेदकांच्या तोंडी ते नाव बसले. त्या काळात आपली माणसे भात झोडत होती हे मान्य. पण झोडणी संपल्यावर एक पोस्टकार्ड टाकायला काय झाले होते? आता तरी फर्माईश पाठवताना ‘दुबई’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. ‘मुक्काम अमुक पाडा, पोस्ट डोळखांब, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, सध्या दुबई’ असे सविस्तर लिहावे. निवेदक सगळे वाचणार नाही, पण कापताना कात्री ‘सध्या दुबई’वर पडण्याची शक्यता असते.

घरच्यांना फोन रेडिओजवळ धरायला लावून ऐकण्याची एक जुनी पद्धत आहे. ती टाळावी. दुबईत व्हॉट्सअॅपवर बोलता येत नाही, त्यामुळे बोटीम नावाचे कॉलचे अॅप उतरवून घ्यायला आईला शिकवावे लागते आणि त्यात सुट्टी संपते. एवढे करून फोन लागलाच, तर रेडिओ ऐकू येत नाही. आई ऐकू येते, आणि ती जेवलास का हेच विचारते.

शेवटची सूचना पुढच्या सुट्टीसाठी. बाबांसाठी ब्लूटूथचा स्पीकर आणू नये. ते तो कपाटात ठेवतील आणि जुन्या ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात तापवून पुन्हा घालतील. चांगल्या कंपनीच्या मोठ्या सेलची दोन पाकिटे आणावीत, आणि पाड्यावर टँकर कोणत्या वारी येतो हे त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे.