इथून जवळ पडतं

१४ मार्च २०२५ च्या पहाटे जळगाव जिल्ह्यात बोदवडजवळ धान्याने भरलेला एक ट्रक रुळांवर चढला आणि मुंबई-अमरावती एक्स्प्रेस त्याच्यावर आदळली. सुदैवाने कोणी दगावले नाही, म्हणून या प्रकाराकडे जरा निवांतपणे पाहता येते. तिथे उड्डाणपूल आहे. पूल झाला म्हणून रेल्वेने जुने फाटक कायमचे बंद केले होते. तरीही ट्रक जुन्याच वाटेने निघाला. सवयीने घराकडे वळणाऱ्या बैलाला नव्या गोठ्याचा पत्ता कोण समजावणार?

बंद फाटक परस्पर उघडले तर रेल्वे कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होते, तोडले तर पाच. तोडायला मेहनत जास्त लागते, हे कायद्याने ओळखले आहे. पण कैद, कायदा आणि सिमेंटचा अख्खा पूल एका बाजूला, आणि ‘इथून जवळ पडतं’ हे तीन शब्द दुसऱ्या बाजूला ठेवले, तर पारडे कुठे झुकेल हे सांगायला पंचांग लागत नाही.

ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी गळीत हंगामात संध्याकाळी एखाद्या फाटकावर उभे राहावे. फाटक पडले की पहिला ट्रक आपल्या बाजूला थांबतो. दुसरा त्याच्या मागे थांबण्यात कमीपणा मानतो आणि उजवीकडून पुढे येऊन समोरच्यांची बाजू अडवतो. पलीकडेही अशीच थोर माणसे असतात. फाटक उघडले की दोन्ही संघ हुतूतूच्या आवेशात समोरासमोर. मधली रेघ लोखंडाची असते, एवढाच फरक. पलीकडे आपल्या गाडीचा मागचा दिवा मावेल एवढी जागा मोकळी झाल्याशिवाय पुढचे चाक रुळावर घालू नये, हा साधा नियम. पण जागा झाल्यावर कोणीही जाईल. नसताना शिरण्यातच खरी ड्रायव्हरकी, अशी आपली श्रद्धा.

मग उसाने लादलेला ट्रेलर बरोबर रुळांवर येऊन अडतो. गेटमन शिट्टी फुंकतो. फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जोडलेले असतील, तर फाटक नीट लागल्याशिवाय सिग्नल उतरत नाही. म्हणजे चार मैलांवर हजारभर प्रवासी गाडीत बसून रेल्वेच्या कारभाराला नावे ठेवत असतात आणि ट्रेलरचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून समोरच्या जीपवाल्याला संस्कार शिकवत असतो.

रेल्वेचा हिशेबही मजेशीर आहे. फाटकावरून किती वाहने जातात याची ती अधूनमधून मोजदाद करते. त्यात मालट्रक म्हणजे एक युनिट आणि बैलगाडी म्हणजेही एकच, रिक्षा अर्धी. हा आकडा आगगाड्यांच्या संख्येने गुणायचा आणि गुणाकार एक लाखाच्या पुढे गेला की पुलाचा विचार करायचा. इतकी काटेकोर समता देशात दुसरीकडे कुठे दिसत नाही. फक्त बैल इंजिनाचा आवाज ऐकून आपणहून थांबतो, याचा गुण त्याला कुठे मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम तर वाचताना डोळे पाणावतात. बिनपहाऱ्याचे फाटक आले की ड्रायव्हरने गाडी थांबवावी. किन्नराने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंना पाहावे आणि मग गाडीला वाट दाखवत पलीकडे न्यावे. किन्नर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून पाहावे. १९८८ साली हे लिहिणाऱ्याने ट्रकवर किन्नर असतो असे गृहीत धरले होते. पुढे शेठने त्याचा पगार वाचवला आणि त्याच्या जागी लिंबू-मिरची टांगली. तिला भत्ता लागत नाही. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपवण्यात आली, त्यामुळे आता खाली उतरायचे कारणच उरले नाही, असा सोयीचा अर्थ सर्वांनी काढला.

विजेची गोष्ट वेगळी. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, म्हणून फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर लोखंडी आडवी कमान उभारतात. तिच्याखालून जाईल तोच माल पुढे न्यायचा. त्या कमानीला पडलेले पोचे मोजले तर तालुक्यात यंदा कडबा किती झाला याचा अंदाज कृषी खात्याआधी लागेल.

आणि ट्रक रुळांवर बंदच पडला तर? आधी गाडीतली माणसे उतरवून लांब न्यावीत आणि गेटमनला सांगावे, असे शहाणे लोक सांगतात. आपल्याकडे पहिला फोन शेठला जातो. शेठ विचारतो, “माल भिजला का?” तोवर गेटमन लाल झेंडी आणि रुळावर लावायचे फटाके घेऊन गाडीच्या दिशेने पळत सुटलेला असतो. त्याला बाराशे मीटर गाठायचे असतात. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी तेवढे अंतर चाळीस सेकंदांत कापते, आणि ब्रेक दाबल्यावर तिला थांबायला किलोमीटरभर तरी लागतो. शेठचे पुढचे वाक्य संपायला साधारण तेवढाच वेळ जातो.

इथवर हसून झाले. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हानला बिनपहाऱ्याच्या फाटकावर वऱ्हाडाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेने उडवले. पन्नासाहून अधिक माणसे गेली. लग्नाचे वऱ्हाड होते ते. कुणीतरी खाली उतरून दोन्हीकडे पाहायला हवे होते, एवढेच कलम १३१ मागत होते.

तेव्हा ड्रायव्हरदादा, फाटकाआधी थांबा, काच खाली घ्या, पलीकडे जागा आहे का ते पाहा, आणि खालच्या गिअरमध्ये, मध्ये गिअर न बदलता एका दमात पार व्हा. आणि शेठ, किन्नराला पुन्हा कामावर घ्या. जिथे पूल आहे तिथे पुलावरूनच जा. थोडं लांब पडतं.