सगळ्यांना सामावून घेणारे गृहस्थ

प्रत्येक सोसायटीत असे एक गृहस्थ असतात, ज्यांच्या दिवाणखान्यातल्या तीन फुटी काचेच्या पेटीत निम्म्या जीवसृष्टीला आसरा मिळालेला असतो. नुसते मासे काय, कोणीही पाळतं! यांच्याकडे अर्धं पाणी, अर्धी जमीन, मधे ड्रिफ्टवूडचं खोड, त्यावर मॉस, मागे पंपावर चालणारा धबधबा. आणि या देखाव्यात दोन गोल्डफिश, डझनभर निऑन टेट्रा, काच साफ करायला एक सकर आणि दगडावर मान उंचावून बसलेलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासवाचं पिल्लू. बेडकासाठी दुकानदाराला सांगून ठेवलेलं असतं. "हे एकमेकांना खात नाहीत?" असं पाहुणा विचारतोच, आणि गृहस्थ याच प्रश्नासाठी टपलेले असतात. "छे हो! मस्त राहतात सगळे."

या 'मस्त' शब्दातच सगळी गोची आहे. गृहस्थांनी जोड्या जमवल्या त्या स्वभाव पाहून. मुलगा शांत, मुलगीही शांत, मग काय अडचण, असं म्हणणारा लग्नाचा मध्यस्थसुद्धा मुलगा राहतो कुठे एवढं विचारतो. हे तेवढंही विचारत नाहीत. गोल्डफिश मूळचा चीनचा, त्याला अठरा ते बावीस अंशांचं पाणी मानवतं आणि घाण तो सढळ हाताने करतो. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला पंचवीस अंशांच्या आसपासचं मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी हवं. कासव मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. त्याला ऊन खायला तीस अंशांच्या वर तापलेली कोरडी जागा आणि अतिनील किरणांचा दिवा लागतो, नाहीतर कवच मऊ पडतं. तिघांना मिळून पाणी एक, फिल्टर एक. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया साठतो, माशांचे कल्ले भाजतात, आणि ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतात. गृहस्थांना वाटतं, आपल्याला ओळखतात. भांडणं नाहीत हे खरं, पण भांडायलाही अंगात त्राण लागतं.

स्वभावाचं म्हणाल, तर या मंडळींचा स्वभाव तोंडाच्या मापावर ठरतो. जे तोंडात मावतं ते अन्न, बाकीचे शेजारी. विकत आणलं तेव्हा कासव नाण्याएवढं होतं आणि टेट्रा त्याच्या हाती लागत नव्हते. तेच कासव वाढून वीस ते तीस सेंटिमीटरचं होतं आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगतं. टेट्रा मात्र आयुष्यभर तीन-चार सेंटिमीटरचाच राहतो. मग डझनाचे नऊ होतात, नवाचे पाच. गृहस्थ म्हणतात, "झाडीत लपलेत."

यावर त्यांचा हुकमी मुद्दा असतो तो निसर्गाचा. तळ्यात बेडूक, मासे, कासवं एकत्र नसतात का? असतात, आणि एकमेकांना खातातही. पण तळ्यात पळायला जागा असते, आणि तिथले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची चाल ओळखून असतात. बेडकाच्या गोतातला मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल आणि चीनचा गोल्डफिश यांची गाठ पडते ती दुकानदाराच्या कृपेने. अ‍ॅक्सोलॉटलचे पिसासारखे कल्ले माशाला किडे वाटतात. छोटा मासा अ‍ॅक्सोलॉटलला जेवण वाटतो. शिवाय जो दिसत नाही तो पाहुणा वेगळाच. रानाव्हायरस मासे, बेडूक, कासवं या तिघांनाही धरू शकतो, आणि कासवाबरोबर साल्मोनेला येतो तो थेट घरातल्या पोरांपर्यंत. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली ती याच पायी.

दुसरा मुद्दा प्राणिसंग्रहालयांचा, आणि त्यात तथ्य आहे. तिथे मिश्र दालनं असतात. पण तिथे आधी जागा ठरते, मग प्राणी. नव्या प्राण्याला आधी वेगळं ठेवतात, आणि पटलं नाही तर हलवायला मागे रिकाम्या टाक्या असतात. गृहस्थांनी हीच पद्धत घ्यावी. मुंबईच्या खाडीचा देखावा करायचा ठरला, तर चिखल आणि मचूळ पाणी आलं, म्हणजे गोड्या पाण्यातली सगळी मंडळी बाद. उरले चिखलात राहणारे निवट्या मासे, आणि त्यांचे नर तळहाताएवढ्या चिखलासाठी आपसांतच हमरीतुमरीवर येतात. प्रामाणिकपणे यादी करत गेलं की ती आखूडच होत जाते. छोट्या पेटीत बेडकाचे उत्तम सोबती म्हणजे नेचे, शेवाळ आणि मातीतले स्प्रिंगटेल किडे. गृहस्थांना हे अपमानास्पद वाटतं. पाहुण्याला काय नेचा दाखवायचा?

राहिला शेवटचा बचाव: "सहा महिने झाले, काही झालं नाही." सहा महिन्यांत होत नाहीच. वर्ष-दोन वर्षांत कासव ताटलीएवढं होतं, सकर वीतभर होऊन काच सोडतो आणि दुसऱ्यांच्या अंगाला चिकटू लागतो, पाण्याला वास येतो. मग एका संध्याकाळी बादली घेऊन गृहस्थ जवळच्या तलावावर जातात आणि दोघांना 'मोकळं' करतात. लाल पट्ट्याचं हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. सकर तर उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. तो विकत कोणी घेत नाही, आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात ती वेगळीच.