काल्हेरचा इटालियन डाव

आमच्या काल्हेरहून ठाण्याला जायचे दोन रस्ते. एक सरळ, कशेळीच्या पुलावरून बाळकुमला उतरणारा. दुसरा अंजूरफाट्याचा वळसा घेऊन माणकोलीला नाशिक महामार्ग धरणारा. पुलावर दोनदा अडकलो की तिसऱ्या दिवशी मी माणकोली धरतो. तिथे कंटेनरच्या मागे तासभर ताटकळलो की चौथ्या दिवशी पुन्हा पूल. ऑफिसात पोहोचायची वेळ काही यामुळे बदललेली नाही. उशिराचं कारण तेवढं दर दोन दिवसांनी ताजं मिळतं.

बुद्धिबळातही मी नेमकं हेच करत होतो, हे कळायला आठ महिने लागले.

२०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या आनंदात मी माळ्यावरचा पट खाली काढला. ती १९ वर्षांची, मी ५२. जोडीदार म्हणून तळमजल्यावरचे पाटीलकाका मिळाले. उभा जन्म काल्हेरच्या गोदामात सुपरवायझरकी करून निवृत्त झालेले. काका दर डावाला एकच करतात. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा बाहेर, मग उंट. काळी सोंगटी आली तरी तेच.

पहिले चार डाव मीही तसाच खेळलो आणि हरलो. दोष अर्थातच ओपनिंगचा! मग फोनवर व्हिडिओ पाहून लंडन शिकलो. लंडनमध्ये हरलो. काळ्याकडून फ्रेंच केलं, सिसिलियन केलं, गणपतीनंतर स्कँडिनेव्हियन. भूगोल पक्का झाला. पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० पर्याय असतात आणि दोघांची एकेक चाल झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात. म्हणजे माझ्यासारख्याला जन्मभर पुरतील इतकी कारणं.

एकदा न राहवून म्हटलं, "काका, तुम्ही खेळता ना, त्याला इटालियन म्हणतात."

"कोण म्हणतं? मी काल्हेरचा," काका म्हणाले. "शह आहे. राजा हलवा."

मुलीच्या जुन्या दुरेघी वहीत मी डाव लिहून ठेवतो. एका रात्री लाल पेन घेऊन मागचे वीस डाव काढले आणि जिथे डाव हातचा गेला तिथे खूण करत गेलो. खुणा पाचव्या-सहाव्या चालीला असतील अशी खात्री होती. निघाल्या सगळ्या अकराव्या ते सोळाव्या चालीच्या आसपास. ओपनिंग केव्हाच संपलेली, मी बऱ्यापैकी उभा, आणि मग घोडा बिनजोर ठेवून कुठेतरी लढाईला गेलेलो. एका डावात तर काकांच्या उंटाचा रोख माझ्या वजिरावर सरळ दिसत असताना मी कडेचं प्यादं पुढे केलंय. त्या चालीपुढे माझ्याच अक्षरात उद्गारचिन्ह आहे. उत्तम चालीला देतात ते.

म्हणजे मी लंडनहून पॅरिसला गेलो तरी घोडा जायचा तिथेच जात होता.

ओपनिंगच्या पुस्तकांवाचून जगात गाजलेला माणूस आपल्या उपखंडातलाच होता. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीच्या बुद्धिबळावर वाढला. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. विलायती नियम तो तरुणपणी शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन गेला. काकांचे वडीलही देशीच खेळायचे. त्यात राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळायची. ही सवलत गेल्याचं दुःख काका माझा राजा कोपऱ्यात कोंडल्यावर हमखास व्यक्त करतात.

आता कोणी बॉबी फिशरचा दाखला देईल. आयुष्यभर राजापुढचं प्यादं ढकलणाऱ्या या गृहस्थाने १९७२ला रेक्याविकमध्ये सहाव्या डावात वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं सारलं आणि डाव असा जिंकला, की समोरच्या स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. खरं आहे. पण फिशरचा घोडा अकराव्या चालीला फुकट जात नाही. (त्याच सामन्याच्या पहिल्या डावात एका प्याद्याच्या मोहापायी त्याने स्वतःचा उंट अडकवून घेतला होता, हे वाचल्यापासून मला तो घरचा वाटतो. पण ती २९वी चाल होती.)

तेव्हा नवशिक्याने ओपनिंग बदलावी का, तर माझ्या मते नाही. फार कंटाळा आला तर बदलावी. कंटाळून पट पुन्हा माळ्यावर जाण्यापेक्षा ते बरं. हरलो म्हणून मात्र बदलू नये. आधी वही उघडून पाहावी. मी दिवाळीपर्यंत इटालियनच खेळणार आहे, आणि हात उचलण्याआधी काकांच्या प्रत्येक सोंगटीचा रोख बोटाने मोजणार आहे. काकांना याचा वैताग येतो.

काल तसाच खेळलो. ३१व्या चालीला हरलो. काकूंना पहिल्यांदाच चहा दोनदा टाकावा लागला.