आत्मज्ञान, दुपारच्या जेवणासह

पुण्या-मुंबईत हल्ली तत्त्वज्ञान शनिवार-रविवारी मिळतं. ‘मी कोण?’ या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा, नोंदणी आगाऊ, शुल्कात जेवण धरलेलं. ‘मी’ सापडला नाही तरी पैसे परत नाहीत, हे बारीक अक्षरात.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला नवल वाटतं ते शुल्काचं. त्याच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा वेदान्तावरचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा. त्याच गावच्या दासोपंतांनी पुढे पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांतून सृष्टी कशी घडते ते, सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर लिहून काढलं. इथे स्लाइड सरकत नाही, श्रोत्यानेच सरकायचं. वीज गेली तरी अडत नाही. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. शहरातल्या वाचनगटाने दर रविवारी शंभर ओव्या घेतल्या तर चोवीस वर्षं लागतील; गट साधारण तिसऱ्या रविवारी नुसत्या कॉफीवर येतो.

गावाकडे सप्ताह बसला की रात्री कीर्तनात अद्वैत आणि काल्याला पंगत, दोन्ही फुकट. प्रश्नोत्तरं नसतात, ही उणीव खरी. पण शहरातल्या प्रश्नोत्तरांतही प्रश्न कमी आणि स्वतःची ओळखच जास्त असते.

कार्यशाळेतल्या वक्त्यांचा आवडता मुद्दा म्हणजे घराची आसक्ती सोडा. बीडच्या ऊसतोड टोळ्या घरं सोडून हा धडा दर हंगामात गिरवतात, तोही फी न भरता. उलट मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते.