म्हैस उचलायची योजना

व्यायामाचा कंटाळा येणं यात नवल काही नाही. आपल्याकडे तो व्यायाम सुरू करण्याआधीच आलेला असतो आणि बहुतेकांचं आयुष्य त्यावर सुखात निघतं. पण नियमाने, वेळेवर, वहीत नोंदी ठेवून वजनं उचलणाऱ्याला जो कंटाळा येतो त्याची प्रत वेगळी. अंग फारसं दुखत नाही. माणूस भल्या पहाटे पलंगाच्या कडेला बसून एक बूट घालतो आणि दुसरा हातात धरून त्याच्याकडे बघत राहतो. लेसला किती भोकं असतात, हे मला तेव्हा कळलं. बायकोला वाटलं मी ध्यानाला बसलोय. म्हणून तिने बिचारीने दिवाही लावला नाही.

या अवस्थेला मला 'पाच बाय पाच'ने आणलं. पाच सेट, प्रत्येकात पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. स्क्वॉट तर दर खेपेला. सुरुवात नुसत्या दांड्याने, जो स्वतःच वीस किलोचा असतो, आणि मग दर खेपेला अडीच किलोची वाढ. पगारदार माणसाला ही योजना बघताक्षणी आवडते, कारण ती पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखी दिसते. मी लगेच वहीत हिशेब मांडला. आठवड्याला साडेसात किलो, बावन्न आठवड्यांचे तीनशे नव्वद, अधिक मूळचे वीस. म्हणजे पुढच्या वर्षी याच सुमाराला माझ्या खांद्यावर चारशे दहा किलो असणार होते. चांगली दुभती म्हैस! दुसऱ्या वर्षी दोन. हिशेबात चूक नव्हती. फक्त मधे मी होतो.

आमचा ट्रेनर वाईकडचा. मला काका म्हणतो, पण दया पुतण्याची दाखवत नाही. हिशेब दाखवल्यावर त्याला भरून आलं. "काका, ग्रीक पैलवान होता मायलो म्हणून. रोज वासरू खांद्यावर घेऊन फिरायचा. वासरू वाढत गेलं, हा पण वाढत गेला. शेवटी बैल उचलला!"

हा क्रोटोनचा मायलो म्हणजे दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतीतला, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला मल्ल. ऑलिंपिकमधल्या कुस्त्या त्याने पुन्हा पुन्हा मारल्या. जगातले झाडून सगळे ट्रेनर त्याची गोष्ट सांगतात, पण बैलापाशी थांबतात. पुढचं मी वाचलंय. म्हातारपणी रानातून जाताना त्याला पाचरी ठोकून अर्धवट फोडलेलं एक खोड दिसलं. बाकीचं आपण नुसत्या हातांनी फाडू, म्हणून त्याने फटीत हात घातले. पाचरी निसटल्या, खोड मिटलं, हात आत अडकले आणि मग लांडगे आले. त्या दिवशी त्याने रेस्ट डे घेतला असता तर लांडगे उपाशी गेले असते. हा भाग जिमच्या भिंतीवर लावायला हवा. तिथे सध्या 'नो पेन नो गेन' आहे.

वजनाइतकाच जाच खाण्याचा. शरीराच्या दर किलोमागे दीडेक ग्रॅम प्रथिनं खा, असा ट्रेनरचा आग्रह. माझं वजन पंचाहत्तर, म्हणजे रोजचे एकशे दहा ग्रॅमच्या वर. एका अंड्यात सहा. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात अंड्याला प्रवेश नाही, त्यामुळे बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा, असा माझा स्वतंत्र संसार उभा राहिला. खालून जाणारे वर बघून विचारायचे, "काय, वेगळे राहता का?" चतुर्थी-एकादशीला तर हिशेब पार कोसळतो. साबुदाणा कितीही खाल्ला तरी प्रथिनांच्या रकान्यात शून्याच्या आसपासच घुटमळतो. सगळी भिस्त दाण्याच्या कुटावर. मी कुटाची वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलेली बघून आई म्हणाली, "अरे, खातोयस की विकतोयस?"

घरच्यांच्या अपेक्षाही वाढल्या. "अहो, सिलिंडर आलाय, आत घ्या," ही हाक पूर्वीही यायची. आता तिच्यापुढे "एवढं जिमला जाता तर" लागलं. भरलेला सिलिंडर जवळजवळ तीस किलोचा असतो आणि त्याला जिमच्या दांड्यासारखी दोन्ही हातांत बसणारी पकड नसते, हे घरात कोणाला पटत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. झोप मोडलेली, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, चिडचिड, आणि आठवडाआठवडा तेच वजन, ढिम्म न हलणारं. त्यांनी हान्स सेली या शास्त्रज्ञाचं नाव काढलं. सेलीने १९३६ साली, कॅनडात असताना, उंदरांना थंडीत ठेवून, दमवून, नाना प्रकारे छळून पाहिलं. उंदीर आधी घाबरतात, मग सरावतात, आणि छळ चालूच राहिला तर शेवटी गळतात. "तुम्ही तिसऱ्या पायरीवर दिसता," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर काही उचलू नका." मी विचारलं, "काहीच नाही?" ते म्हणाले, "लॅपटॉपसुद्धा नको." उंदरांना पिंजऱ्यात कोंडावं लागलं होतं. मी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते.

ऑफिसात आमचा एक कोल्हापूरकर आहे, पोरवयात तालमीत राहिलेला. डॉक्टरांचा सल्ला ऐकून तो पोट धरून हसला. "अरे, पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारतो, लढत करतो, मालिश घेतो, थंडाई पितो, जेवतो आणि दुपारी गडद झोपतो. संध्याकाळी पुन्हा मेहनत. झोप मेहनतीतच धरलेली असते. दुपारी जागा दिसला तर वस्ताद ओरडतो. तू दुपारी काय करतोस?" दुपारी मी मीटिंगमध्ये असतो. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराक दिला, खासबागचं मैदान दिलं. माझ्या कंपनीने मला लॅपटॉप दिला आणि पहाटे उचललेल्या वजनावर दिवसभर बसून राहायला खुर्ची. स्नायू वजन उचलताना वाढत नाही, उचलून झाल्यावर, खाऊन-झोपून वाढतो, ही गोष्ट तालमीत उघड्या अंगाच्या पोरालाही ठाऊक असते. जिममध्ये ती वेगळे पैसे भरल्यावर सांगतात.

ट्रेनरने हिरमुसून 'डीलोड' मंजूर केला. आधी पूर्ण सुट्टी, मग निम्मं वजन. निम्मं वजन उचलायला शरीराला सोपं जातं, चेहऱ्याला फार अवघड. आरशापुढे कॉलेजची पोरं दंड फुगवत उभी असतात. त्यातलं एक कानातले इअरफोन काढून जवळ आलं आणि मायेने म्हणालं, "काका, फॉर्म मस्त आहे." हे वाक्य दांड्याला ज्यांच्या फारशा प्लेटा नसतात त्यांच्यासाठीच राखून ठेवलेलं असतं. मी मान डोलावली आणि सावकाश बसलो, सावकाश उठलो. बऱ्याच दिवसांनी गुडघ्यांनी आवाज केला नाही.

वही मी आईला दिली. ती त्यात दुधाचा हिशेब लिहिते, आणि तोही दर खेपेला अडीचने वाढत नाही. जिमला जातो. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं खुर्चीत डोळे मिटतो आणि वस्तादांची आज्ञा आहे असं सांगतो. माझा स्क्वॉट सध्या साठ किलोवर आहे. पुढच्या महिन्यातही तो साठच राहील. कृपया चौकशी करू नये.